सहाव्या चालीत डी५ वर कशाने मारावे? क्वीन्स इंडियन बचाव, सोलापूरचा एक डाव आणि हेस्टिंग्ज १९३०-३१

धागाकर्ता, सोलापूर

गेल्या महिन्यात सोलापुरात झालेल्या एका खुल्या स्पर्धेच्या पाचव्या फेरीत मी काळ्या मोहऱ्यांनी एक डाव हरलो. समोर बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. प्रत्येकी ९० मिनिटे आणि दर चालीला ३० सेकंद अशी वेळ होती आणि डाव जवळजवळ चार तास चालला. माझे एकही मोहरे फुकट गेले नाही, एकही शह नजरेतून सुटला नाही. तरीही विसाव्या चालीनंतर माझा डाव गुदमरत गेला आणि ४६व्या चालीला मी तो सोडला. घरी येऊन पट पुन्हा मांडला तेव्हा माझे असे मत झाले की हा डाव सहाव्या चालीतच बिघडला. त्याच चालीत, त्याच घरावर, त्याच पद्धतीने मारून माजी जगज्जेते कापाब्लांका १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज (इंग्लंड) येथील स्पर्धेत भारतीय खेळाडू सुलतान खान यांच्याकडून हरले होते, हे त्यानंतर लक्षात आले. दोन्ही डाव शेजारी ठेवून चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

चाली लिहिताना राजा रा, वजीर व, हत्ती ह, उंट उं आणि घोडा घो असा लिहितो. प्याद्याला अक्षर नाही. मारण्यासाठी × आणि शह असेल तेथे + हे चिन्ह वापरतो. उभ्या पट्ट्या ए ते एच आणि आडव्या ओळी १ ते ८ अशा मोजतो. एकाच प्रकारची दोन मोहरी त्या घरात जाऊ शकत असतील तर कोणते गेले ते मध्ये त्याच्या पट्टीचे अक्षर किंवा ओळीचा आकडा लिहून दाखवतो. क्रमांकापुढे तीन टिंबे असतील तर ती काळ्याची चाल. किल्लेकोट म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित करणे.

माझा डाव क्वीन्स इंडियन बचावाने असा सुरू झाला: १. डी४ घोएफ६ २. सी४ ई६ ३. घोएफ३ बी६ ४. ए३ उंबी७ ५. घोसी३ डी५ ६. सी×डी५ ई×डी५ ७. उंजी५ उंई७ ८. ई३ किल्लेकोट ९. उंडी३ घोबीडी७ १०. किल्लेकोट सी५ ११. हसी१ घोई४ १२. उंएफ४ घो×सी३ १३. ह×सी३ सी४ १४. उंबी१ बी५.

आता पटाकडे पाहावे. माझी बी५, सी४ आणि डी५ ही तिन्ही प्यादी पांढऱ्या घरांवर उभी आहेत आणि बी७ वरचा माझा उंटही पांढऱ्या घरांचाच आहे. पुढे घोडे आणि काळ्या घरांवरचे उंट मारले गेले, वजीर गेले, हत्तीही गेले आणि एकेक उंट उरला. त्या मुलाचा उंट मोकळ्या कर्णावर फिरत होता, तर माझा उंट डी५ ला जोर देण्यासाठी बांधलेला होता. त्याचा राजा एफ४ वरून ई५ वर आला. ती दोन्ही घरे काळी असल्यामुळे माझ्या उंटाला त्याला अडवणे शक्यच नव्हते. प्याद्यांच्या चाली संपल्या तेव्हा मला उंट किंवा राजा हलवणे भाग पडले आणि डी५ पडले.

दुसरा डाव हेस्टिंग्जचा, सुलतान खान (पांढरी मोहरी) विरुद्ध कापाब्लांका (काळी मोहरी) हा आहे. चालींचा क्रम थोडा वेगळा होता: १. घोएफ३ घोएफ६ २. डी४ बी६ ३. सी४ उंबी७ ४. घोसी३ ई६ ५. ए३ डी५ ६. सी×डी५ ई×डी५ ७. उंजी५ उंई७ ८. ई३ किल्लेकोट ९. उंडी३. येथपर्यंत दोन्ही डावांतील स्थिती तंतोतंत एकच आहे. कापाब्लांका यांनी ९... घोई४ खेळले आणि डाव असा गेला: १०. उंएफ४ घोडी७ ११. वसी२ एफ५ १२. घोबी५ उंडी६ १३. घो×डी६ सी×डी६ १४. एच४ हसी८ १५. वबी३ वई७ १६. घोडी२ घोडीएफ६ १७. घो×ई४ एफ×ई४. या डावात पांढऱ्याने ६५व्या चालीला विजय मिळवला.

या डावात मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट सांगतो. कापाब्लांका यांचा उंट तिसऱ्या चालीत बी७ वर आला आणि त्यानंतर थेट ५२व्या चालीत तेथून हलला. मधल्या काळात पटावर वजीर गेला, हत्ती गेले, राजे चालत गेले. तो उंट मात्र आपल्याच डी५ आणि ई४ च्या प्याद्यांमागे उभा राहिला. १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेता असलेल्या आणि १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षे एकही स्पर्धात्मक डाव न हरलेल्या खेळाडूच्या बाबतीत हे घडले.

माझे म्हणणे असे आहे की ए३ खेळल्यावर काळ्याने डी५ वर घोड्यानेच मारावे, प्याद्याने मारू नये. जाणकारांनी पटावर मांडून मत द्यावे.

बार्शीकर

डाव दोन वेळा मांडून पाहिला. मला मुळातच एक शंका आहे. आम्हाला लहानपणापासून असे शिकवले गेले की सुरुवातीला कडेची प्यादी हलवू नयेत, मोहरी बाहेर काढावीत आणि राजा लवकर सुरक्षित करावा. मग चौथ्या किंवा पाचव्या चालीत ए३ खेळणे ही वाया घालवलेली चाल ठरत नाही का? काळ्याला एक चाल फुकट मिळाली असताना त्याचीच कोंडी व्हावी, याचे कारण समजत नाही.

धागाकर्ता, सोलापूर

बार्शीकर, आपली शंका रास्त आहे आणि स्पर्धेत पटावर बसलेला असताना मीही अगदी हेच समजत होतो. ए३ पाहून मला वाटले होते की मुलगा घाबरून खेळत आहे.

या बचावात काळ्याचा सगळा डोळा ई४ या घरावर असतो. बी६ आणि उंबी७ खेळायचे ते ए८-एच१ या लांब कर्णावरून ई४ वर दाब ठेवण्यासाठी. पांढऱ्याला तेथे प्यादे आणायचे असते आणि त्याचा सी३ वरचा घोडा त्या घराला जोर देतो. काळा उंबी४ खेळून त्या घोड्याला जागेवर जखडून टाकतो, म्हणजे ई४ वरचा त्याचा जोर बराच कमी होतो. ए३ ने बी४ हे घर काळ्याच्या उंटाला बंद होते. आता घोडा सी३ वर निर्धास्त उभा राहतो आणि डी५ खेळून ई४ ची वाट अडवण्याची खरी धमकी तयार होते.

म्हणून काळा बहुतेक वेळा स्वतःच डी५ खेळतो. येथेच गोम आहे. ज्या कर्णासाठी उंट बी७ वर आणला, त्याच कर्णाच्या मध्यावर काळ्याने आता स्वतःचे प्यादे उभे केले. पांढरा लगेच सी×डी५ करतो आणि विचारतो, कशाने मारणार? घोड्याने मारले तर घोडा पुढे हलू शकतो आणि कर्ण मोकळा होतो, पण पटाचा मध्य पांढऱ्याकडे जातो. प्याद्याने मारले तर मध्यात पाय रोवला जातो, पण उंट भिंतीमागे जातो. काळ्याला हा निर्णय घ्यायला लावण्यासाठी पांढऱ्याने एक चाल दिलेली असते आणि ती मला आता वाया गेलेली वाटत नाही. पुढे तिग्रान पेट्रोशियान यांनी ही पद्धत आपलीशी केली आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते; हेस्टिंग्जचा डाव त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

पटशिक्षिका, सोलापूर

मी शहरात मुलांना बुद्धिबळ शिकवते. काका, आपला धागा मनापासून वाचला, परंतु आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. सहाव्या चालीत प्याद्याने मारणे ही चूक नव्हे. ती चाल ठाम आहे आणि आजही खेळली जाते. माझ्या मते आपला डाव सहाव्या चालीत बिघडला नाही, तेराव्या चालीत बिघडला.

दहाव्या चालीत आपण सी५ खेळलात, ते योग्यच होते. त्यानंतर सी५ आणि डी४ ही प्यादी समोरासमोर उभी होती आणि ती ताणाताण काळ्याच्या फायद्याची होती. पांढऱ्याने सी५ मारले असते तर आपण बी-प्याद्याने परत मारून सी५ आणि डी५ अशी जोडी उभी केली असती आणि मग डी४ पुढे ढकलण्याची धमकी कायम राहिली असती. डी-प्यादे ज्या क्षणी डी४ वर जाते, त्या क्षणी बी७ वरच्या उंटाचा पूर्ण कर्ण उघडतो. १३... सी४ खेळून आपण स्वतःच्या हाताने ती शक्यता कायमची संपवली. सी४ वर प्यादे गेले म्हणजे पांढऱ्याच्या डी४ वर कोणाचाही दाब उरला नाही, आणि डी४ हलणार नसेल तर आपले डी५ ही हलणार नाही. तेथे १३... घोएफ६ अशी शांत चाल खेळून ताण तसाच ठेवायला हवा होता.

मुलांच्या डावांत मी हे पुन्हा पुन्हा पाहते. समोरच्या उंटाला हुसकावण्याचा मोह होतो, प्यादे पुढे जाते, एक चाल जिंकल्यासारखे वाटते आणि स्वतःच्या उंटाचे दार बंद होते. प्यादे मागे येत नाही, हे त्यांना माहीत असते. त्याचा अर्थ मात्र असे दोन-तीन डाव हरल्यावर कळतो.

धागाकर्ता, सोलापूर

ताई, आपला प्रतिसाद वाचून मी रात्री पुन्हा दोन्ही डाव मांडले. आपले म्हणणे मला पटले आणि त्याच प्रकाशात हेस्टिंग्जच्या डावातली एक गोष्ट नव्याने दिसली.

कापाब्लांका यांनाही तेराव्या चालीतच सी-प्यादे गमवावे लागले. पांढऱ्याचा घोडा बाराव्या चालीत बी५ वर आला आणि त्याने एफ४ वरच्या उंटाच्या साथीने सी७ वर दाब आणला. काळ्याने उंडी६ खेळले, पांढऱ्याने घोड्याने तो उंट मारला आणि काळ्याने सी-प्याद्याने परत मारले. त्यामुळे काळ्याला सी-पट्टी मोकळी मिळाली खरी, पण सी५ खेळून डी४ ला हादरा देणारे प्यादेच उरले नाही. माझ्या डावात सी-प्यादे सी४ वर जाऊन निरुपयोगी झाले, त्यांच्या डावात ते डी६ वर जाऊन निरुपयोगी झाले. दोन्हीकडे परिणाम एकच झाला: डी४ जागेवर राहिले, डी५ जागेवर राहिले आणि बी७ वरचा उंट कोंडला गेला. त्यात त्यांनी सतराव्या चालीत एफ×ई४ केले, त्यामुळे भिंतीत आणखी एक वीट बसली.

म्हणून माझे आधीचे विधान मी सुधारतो. ई×डी५ मारल्यावर काळ्यावर एक जबाबदारी येते, ती म्हणजे सी-प्यादे जपून ठेवणे आणि योग्य वेळी त्याने डी४ वर दाब आणणे. कुलपाची किल्ली तेथे आहे. प्याद्याने मारायचे असेल तर हे ओझे ओळखून मारावे. मी ते न ओळखता मारले होते.

पूर्वभाग

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. आमच्या घरी यंत्रमाग होते आणि माझे आजोबा दुपारच्या सुट्टीत ओट्यावर देशी पद्धतीने बुद्धिबळ खेळत. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर जाई. किल्लेकोट नव्हता; त्याऐवजी राजाला शह लागण्यापूर्वी एकदा घोड्यासारखी अडीच घरे जाता येत असे. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ते ज्या पट्टीत पोचले, त्या पट्टीचे मोहरे होई. प्रत्येक वेळी वजीर मिळेलच असे नसे.

हेस्टिंग्जचा डाव मांडताना मला आजोबांची आठवण झाली, कारण त्यात सुलतान खान यांनी ६५ चालींत एकदाही किल्लेकोट केलेला नाही. त्यांचा राजा ई१ वरून डी२, सी२, परत डी२, सी१, बी२, ए३, बी२, बी१, ए१ असा फिरतो आणि शेवटी सी३ वरून पुन्हा डी२ वर येतो. युरोपीय पद्धतीत वाढलेला खेळाडू इतक्या निश्चिंतपणे राजा चालवणार नाही असे मला वाटते. ए३ सारखी एका घराची चालही देशी पद्धतीत मुरलेल्या हाताला सहज सुचली असेल. सुलतान खान यांना ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचा, अभ्यास नव्हता असे नेहमी वाचायला मिळते. मग ते या डावात ओपनिंगमध्येच कसे जिंकले, याचे हे उत्तर असू शकते का?

धागाकर्ता, सोलापूर

आपल्या आजोबांची आठवण वाचून आनंद झाला. माझ्याही आजोबांकडून मी पहिला डाव देशी पद्धतीनेच शिकलो.

आपले निरीक्षण सुंदर आहे, परंतु त्यातून काढलेल्या निष्कर्षाबाबत मी थोडा सावध राहीन. सुलतान खान पंजाबातले. त्यांचे आश्रयदाते सर उमर हयात खान यांनी त्यांना युरोपीय नियम शिकण्याची व्यवस्था करून दिली, १९२८ मध्ये ते अखिल भारतीय स्पर्धा जिंकले आणि १९२९ मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्याच वर्षी ब्रिटिश विजेते झाले. १९३२ आणि १९३३ मध्येही ते विजेतेपद त्यांनी मिळवले. १९३० मध्ये बेल्जियममधील लिएज येथे ते तार्ताकोवर यांच्या मागे दुसरे आले आणि १९३१ मध्ये त्याच तार्ताकोवर यांना त्यांनी १२ डावांच्या सामन्यात साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी हरवले. ज्या हेस्टिंग्ज स्पर्धेबद्दल आपण बोलत आहोत, तेथे युवे आणि कापाब्लांका यांच्यामागे ते तिसरे होते. एवढी कामगिरी करणाऱ्याला ओपनिंग येत नव्हते, केवळ उपजत बुद्धीवर तो खेळत होता, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. युरोपातले खेळाडू लहानपणापासून जे आत्मसात करतात, ते या माणसाने विशी उलटल्यावर शिकून घेतले होते.

राजाच्या बाबतीत तर पटावरच कारण दिसते. पांढऱ्याने १४व्या चालीत एच४ आणि १९व्या चालीत जी४ खेळले. राजाच्या बाजूची प्यादी पुढे न्यायची असल्यामुळे तेथे किल्लेकोट करण्यात अर्थ नव्हता. मध्य पूर्ण बंद होता, म्हणून राजाला मध्यात राहणे परवडले. हा हिशेब कोणत्याही पद्धतीत वाढलेला उत्तम खेळाडू करू शकतो. मात्र तो हिशेब करताना हात कचरला नाही, यामागे ओट्यावरचे देशी डाव असतील, हे मी नाकारणार नाही.

या बचावाच्या नावातही देशी पद्धतीचा धागा आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात जॉन कॉक्रेन हे महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी असंख्य डाव खेळले आणि बॅनर्जी यांची प्यादे एक घर सरकवून उंट कोपऱ्याच्या कर्णावर आणण्याची शैली त्या डावांमुळे नोंदली गेली. 'इंडियन' हे विशेषण तेथून आले. तेव्हा हेस्टिंग्जच्या त्या पटावर भारतीय खेळाडू पांढऱ्या बाजूला होता आणि भारतीय बचाव काळ्या बाजूला होता.

अक्कलकोटचा वाचक

मी साधा हौशी खेळाडू आहे, म्हणून प्रश्नही साधा आहे. हेस्टिंग्जच्या डावात पांढऱ्याने वजीर दिला आणि दोन हत्ती घेतले, असे दिसते. आम्ही घरी खेळतो तेव्हा वजीर गेला की डाव गेला असेच समजतो. दोन हत्ती वजिरापेक्षा भारी कसे पडले, हे कोणी समजावून सांगेल का?

धागाकर्ता, सोलापूर

या डावाचा हा भाग मला सर्वांत आवडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

विसाव्या चालीपर्यंत काळ्याने दोन्ही हत्ती सी-पट्टीत आणले होते आणि पांढऱ्याने जी५ खेळून घोडा ई८ वर परत पाठवला होता. २१. उंजी४ ने सी८ वरच्या हत्तीवर हल्ला झाला. कापाब्लांका यांनी येथे दीर्घ पल्ल्याची मारामारी सुरू केली: २१... हसी१+ २२. राडी२ ह८सी२+ २३. व×सी२ ह×सी२+ २४. रा×सी२ वसी७+ २५. राडी२ वसी४ २६. उंई२ वबी३ २७. हएबी१. हिशेबाने वजीर ९ आणि दोन हत्ती १० असे धरतात, म्हणजे फरक फार नाही. उघड्या पटावर, समोरचा राजा उघडा असताना, वजीर दोन हत्तींना सहज भारी पडतो, कारण तो शह देत देत बिनजोर मोहरी टिपतो.

येथे मात्र वजिराला टिपण्यासारखे काहीच नव्हते. पांढऱ्याच्या प्रत्येक प्याद्याला जोर होता. राजा डी४, ई३, एफ२ या प्याद्यांच्या आडोशाला होता. शिवाय ई४ वरचे काळ्याचे स्वतःचे प्यादेच वजिराची मधली वाट अडवत होते. वजिराला मदतीला एखादे मोहरे हवे असते, पण ई८ वरचा घोडा डी६ ला जोर देण्यात आणि सी७ हे घर राखण्यात गुंतला होता, आणि उंट, आपण आधीच पाहिले, बी७ वर कोंडलेला होता. म्हणजे खऱ्या अर्थाने काळा एकट्या वजिराने खेळत होता. ३५व्या चालीपासून ४१व्या चालीपर्यंत काळ्याच्या सर्व चाली पाहाव्यात: वएच३, वएच४, वएच३, वएच४, वएच३, वएच४, वएच३. पटावरचे सर्वांत बलाढ्य मोहरे सलग सात चाली दोन घरांत येरझारा घालत आहे आणि पांढरा त्या वेळेत आपले हत्ती, राजा आणि प्यादी हवी तशी लावून घेत आहे.

आता ज्या ए-प्याद्यावरून बार्शीकरांनी शंका काढली, त्याच्याकडे या बाजूने पाहावे. पाचव्या चालीत ते ए३ वर गेले. ३०व्या चालीत त्याच्या जोरावर बी४ आले. ४०व्या चालीत ते ए४ वर गेले. ४५व्या चालीत बी५ आले, काळ्याने ए५ खेळले आणि सी६ हे घर पांढऱ्याच्या हत्तीसाठी पक्के झाले. ५२व्या चालीत काळ्याचा उंट अखेर बी७ सोडून सी८ वर गेला आणि पुढच्याच चालीत हत्ती सी६ वर उतरला. ६१. ह×बी६, ६२. हबी७+, ६३. बी६, ६४. उंबी५, ६५. हबी८ आणि काळ्याने डाव सोडला. ए३ खेळताना सुलतान खान यांनी हे सगळे पाहिले होते असा माझा दावा नाही. पण बी४ ला उंट येऊ नये म्हणून टाकलेले पाऊल पुढे बी-प्याद्याचा आधार झाले आणि तेच बी-प्यादे डाव जिंकून गेले.

सांगलीकर

सुलतान खान यांच्या संदर्भात मराठी वाचकांसाठी एक नोंद करतो. १९३३ च्या अखेरीस ते मायदेशी परतले आणि १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना खेळले. त्यात खाडिलकरांना एकच डाव बरोबरीत सोडवता आला. १९६६ मध्ये सुलतान खान यांचे निधन झाले आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. घोड्याने मारले की काळा सुरक्षित, असा कोणाचा समज होऊ नये. १९८३ मध्ये निकशिच येथे कास्पारोव्ह विरुद्ध पोर्टिश या डावात हीच स्थिती आली आणि पोर्टिश यांनी ६... घो×डी५ खेळले. पुढे ७. ई३ घो×सी३ ८. बी×सी३ असे झाले. पांढऱ्याला मध्यात भक्कम प्यादी मिळाली आणि त्याचे दोन्ही उंट काळ्याच्या राजावर नेम धरून उभे राहिले. १७व्या चालीत कास्पारोव्ह यांनी डी५ हे प्यादे देऊन टाकले. काळ्याचा बी७ वरचा उंट अखेर मोकळा होऊन डी५ वर आला, आणि तेवढ्यात पांढऱ्याने १९. उं×एच७+ खेळले. राजाने तो मारल्यावर हत्तीने डी५ वरचा उंट मारला आणि २१व्या चालीत दुसरा उंट जी७ वर आदळला. तो डावही पांढऱ्यानेच जिंकला. म्हणजे प्याद्याने मारले तर काळा हळूहळू गुदमरू शकतो आणि घोड्याने मारले तर राजावर हल्ला येऊ शकतो. आपल्या स्वभावाला कोणता त्रास सोसेल, ते पाहून निवड करावी असे माझे मत आहे. मी स्वतः घोड्याने मारतो, कारण कोंडलेला उंट मला पाहवत नाही.

पटशिक्षिका, सोलापूर

सांगलीकर सरांच्या मुद्द्याला जोडून एक सांगते. या आठवड्यात मी वर्गात दोन्ही डाव शेजारी शेजारी मांडले. मुलांना विचारले की काळ्याचा सर्वांत वाईट मोहरा कोणता आणि त्याला बाहेर कसे काढाल. हेस्टिंग्जच्या डावात सर्वांनी बी७ वर बोट ठेवले, पण बाहेर काढण्याची वाट कोणालाच सापडली नाही. काकांच्या डावात तेराव्या चालीपूर्वी थांबवले, तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने सांगितले की सी५ मारू द्यावे आणि मग डी४ ढकलावे.

त्या मुलाचा मामा

धाग्यात ज्या डावाची चर्चा चालू आहे, तो डाव माझ्या भाच्याने खेळला होता. बहिणीने मला हा धागा वाचायला दिला आणि मी तो त्याला वाचून दाखवला. त्याने सुलतान खान यांचा डाव पूर्वी पाहिलेला नव्हता. ए३ का खेळलास असे विचारले तर तो म्हणाला की घोडा जखडला गेला की त्याला खेळायला सुचत नाही, म्हणून तो उंबी४ येऊच देत नाही. त्याचा एक प्रश्न आहे. ५२व्या चालीत कापाब्लांका यांनी उंट बी७ वरच ठेवला असता तर हत्तीला सी६ वर येता आले असते का, कारण तो उंट त्या घरावर नजर ठेवून होता?

धागाकर्ता, सोलापूर

प्रश्न फार चांगला आहे, त्याला माझा आशीर्वाद सांगावा. मी ती स्थिती मांडून पाहिली. उंट बी७ वर असतानाही पांढरा हसी६ खेळू शकतो असे मला वाटते. काळ्याने उंटाने हत्ती मारला तर बी×सी६ ने प्यादे सी६ वर पोचते, बी-पट्टी उघडते, उरलेला हत्ती बी६ वर दाब आणतो आणि ई२ वरचा उंट बी५ वर येऊन त्या प्याद्याला जोर देतो. काळ्याचा वजीर तेव्हाही एच-पट्टीत दूर उभा असेल. पांढऱ्याने हत्ती देऊन उंट घेतलेला असेल आणि तरी माझ्या मते पांढऱ्याचीच बाजू वरचढ राहील. मात्र काळ्याला सी७ वर घोडा आणून प्यादे अडवता येते, तेथे माझी खात्री होत नाही. ताई आणि सांगलीकर यांनी ही स्थिती तपासून चाली लिहाव्यात.

मामांना विनंती अशी की येत्या रविवारी भाच्याला घेऊन माझ्याकडे यावे. मी काळ्या बाजूला बसेन आणि नवव्या चालीनंतरच्या त्याच स्थितीपासून आम्ही पुन्हा खेळू. या वेळी सी-प्यादे मी सी५ वरच ठेवणार आहे. डाव झाला की चाली येथे लिहीन.